वझ्यांचे मोजे

आमच्या ऑफिसात वझे क्यूबिकलच्या भिंतीवर मोजे वाळत घालायचे. एक जोडी पायात, एक भिंतीवर आणि एक ड्रॉवरमध्ये तयार. येणाराजाणारा नाक मुरडायचा. वझे स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणायचे, "कार्पेट ओलं आहे. दिसतंय की!"

"दिसतंय की!" हे त्यांचं पालुपद. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावच्या मराठी घरांत या दोन शब्दांची दहशत होती. एका वहिनींनी श्रीखंड घरीच केलंय असं सांगितल्यावर वझे भर पंगतीत म्हणाले होते, "दुकानाचा डबा कचऱ्यात दिसतोय की!" त्या घरातून त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. श्रीखंड मात्र उत्तम होतं, हेही त्यांनीच सांगितलं.

माणूस सांगलीचा, चाळिशी उलटलेला, इथे एकटा. बायको तिकडे शाळेत शिकवायची. ग्रीन कार्ड झालं, की तिलाही इथे नोकरी करता येईल, मग ती आणि मुलगी सई येणार, असं ठरलेलं. आणि ग्रीन कार्डाची फाइल कंपनीच्या हातात. अशा वेळी शहाणा माणूस साहेबाच्या हो ला हो करतो. आम्ही सगळे शहाणे होतो. साहेब काहीही बोलला, की "ओके, बॉब." वझ्यांच्या तोंडून 'ओके' मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी बर्फ वितळलं आणि पाणी आमच्या खालच्या मजल्यात झिरपलं. कार्पेटवर पाऊल टाकलं की पचपच आवाज यायचा. बुरशीच्या वासानं डोकं उठायचं. पण कंपनी विकायला काढली होती, गिऱ्हाईक बघायला येणार होतं. म्हणून आमचे व्हाइस प्रेसिडेंट बॉब यांनी जाहीर केलं, "द कार्पेट इज ड्राय." हे बोलताना त्यांनी स्वतःची पॅन्ट घोट्याच्या वर दुमडलेली होती.

वर एचआरची ईमेल आली: कुणाला वास येत असेल तर सर्वांनी आपापले जेवणाचे डबे घट्ट बंद ठेवावेत. म्हणजे बुरशी त्यांची आणि वास आमच्या मसालेभाताचा! याची कुणाला चीड यावी? छे. आमच्या शूर मंडळींनी दुसऱ्या दिवसापासून सँडविच आणायला सुरुवात केली. वझ्यांनी मुद्दाम सुक्या बोंबलाची चटणी आणली आणि म्हणाले, "हा वास माझा. बाकीचा कुणाचा ते बॉबला विचारा."

अखेर गिऱ्हाईक आलं. सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. बॉबनी इमारतीचं गुणगान केलं आणि विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" आम्ही सगळे खाली आपल्या बुटांकडे बघू लागलो. बूट ओले होते.

वझे उठले. शांतपणे बूट काढला, मोजा काढला आणि कॉफीच्या मगावर धरून पिळला. धार लागली. पाहुण्यांनी ती पाहिली.

"यू मस्ट हॅव स्पिल्ड समथिंग," बॉब म्हणाले.

"द अदर सॉक आल्सो, सर?" वझ्यांनी विचारलं आणि दुसरा मोजा काढला.

त्याच आठवड्यात त्यांची नोकरी गेली. फाइलही गेली. पार्किंग लॉटमध्ये आमची मंडळी हळहळली, "गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं यार?" पुढच्या सोमवारी 'पेंटिंगसाठी' म्हणून आम्हाला वरच्या मजल्यावर हलवलं. तिथे सगळे छाती भरून श्वास घ्यायचे आणि वझे कसे मूर्ख होते याच्या गप्पा मारायचे. कार्पेट कोरडंच होतं, असं बॉबचं म्हणणं शेवटपर्यंत कायम होतं.

वझ्यांच्या घरी त्यांचं सामान बांधायला मी आणि केतकी गेलो. केतकी नागपूरची, नुकतीच नोकरीला लागलेली, त्यांच्या शेजारच्या क्यूबिकलमधली. महिनाभर खोकत होती बिचारी. वाटेत गाडीत एकदम रडायला लागली.

"काकांनी मला तोंडच उघडू दिलं नाही," ती म्हणाली. "म्हणाले, तुझा व्हिसा नवीन आहे. खोकला दाबू नकोस, पण बोलू नकोस. बोलायचं मी बघतो."

मी वझ्यांना विचारलं, "अहो, हिच्या खोकल्याचं सांगितलं असतंत तर लोकांना पटलं तरी असतं. मोज्यांचा तमाशा कशाला?"

"नाव घेतलं असतं तर हिलाही काढलं असतं," ते खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाले. "माझ्या सईला दमा आहे. तो श्वास मला पार्टिशनच्या पलीकडून कळतो."

तेवढ्यात फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. सांगलीत सकाळ झाली होती.

"बाबा, सुट्टी मिळाली? खरंच येताय?"

"सुट्टी नाही गं. काढून टाकलं मला."

"का?"

"पाय ओले होते म्हणून."

सई खळखळून हसली. हसता हसता खोकला सुरू झाला आणि थांबेचना. वझ्यांनी चिकटपट्टी खाली ठेवली. फोन उचलून कानाशी धरला, तरी तो आवाज आम्हाला ऐकू येत होता. केतकी खिडकीकडे वळली. बऱ्याच वेळानं सईचा दमलेला आवाज आला.

"बाबा, मला काही नाही झालं. मी एकदम बरी आहे."

मी वझ्यांकडे बघत राहिलो. त्यांचे ओठ हलले, पण ते दोन शब्द काही आले नाहीत.

"ओके, बेटा," वझे म्हणाले.