दातारकाकांची तांबडी खूण

दातारकाका टेलिफोनचं बिल वाचण्याआधीसुद्धा हात धुवायचे. साबण लावून, मनगटापर्यंत, आणि मग पुसून पार कोरडे करून. जेवणाआधी विसरले तर एक वेळ चालायचं, पण कागदाला तेलकट हात लागलेला त्यांना खपत नसे. आईचं नागपूरहून आलेलं पहिलं निळं हवाईपत्र मी त्यांच्यासमोर टरकन फाडलं, तर हा साठीचा गृहस्थ खुर्चीतून ताडकन उठला. पत्र माझ्या हातातून काढून घेऊन त्यांनी उरलेल्या दोन कडा सुरीने सावकाश सोडवल्या आणि त्यातली एकही ओळ न वाचता ते मला परत केलं. म्हणाले, "नागपूरकर, आईचं पत्र आहे. शंभर वर्षं टिकायला हवं."

हे अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी तिथे लायब्ररी सायन्स शिकत होते आणि आठवड्याला पंधरा तास युनिव्हर्सिटीच्या एका तळघरात टायपिंग करत होते. एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर भांडलेल्या एका सेनेटरची पत्रं खंडाखंडांनी प्रसिद्ध करायचं काम तिथे चाले. दोन खंड निघाले होते, तिसरा बरीच वर्षं निघत होता. तो निघत नव्हता याचं कारण म्हणजे सहायक संपादक, श्रीयुत दातार.

काकांच्या लेखी सेनेटर म्हणजे 'आमचे साहेब'. साहेबांना वांगं आवडत नसे, साहेब न्हाव्याशी हुज्जत घालत, साहेबांनी भर सभागृहात मार खाण्याची तयारी ठेवून भाषण केलं. हे सगळं काका असं सांगत, की नव्या माणसाला वाटावं साहेब सदाशिव पेठेत यांच्या शेजारी राहत असणार. गणपतीला शाळेचा हॉल भाड्याने घेऊन मराठी मंडळाची माणसं जमत. तिथे काका प्लेट घेऊन उभे राहिले, की त्यांच्याभोवतीची चार माणसं हळूहळू पातळ होत. साहेबांनी कुणाला काय लिहिलं ते ऐकत पुरणपोळी गार करायची कुणाची तयारी नसे. मंडळाचं वार्षिक पत्रक मात्र काका घरी नेत आणि चुका दुरुस्त करून पोस्टाने परत पाठवत. सेक्रेटरीबाई त्या पाकिटाला घाबरून असत.

'तपासायचं आहे' हे त्यांचं पालुपद. मूळ पत्र, मी टाइप केलेली प्रत आणि खालच्या टिपा ते शब्दाशब्दाने ताडून पाहत. सगळं बिनचूक जुळलं, की पानाच्या खालच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने एक छोटा 'दा' काढत. छापखान्यातल्या अमेरिकन मंडळींना ती संपादनशास्त्रातली काही गहन खूण वाटे आणि 'दा' नसलेलं पान ते छापायला घेत नसत. एका पत्रातला ठिपका स्वल्पविराम आहे की माशीने केलेली घाण, यावर काकांनी तीन आठवडे काढले. शेवटी भिंगाखाली माशी सिद्ध झाली. त्या दिवशी त्यांनी मला कॅफेटेरियात कॉफी पाजली.

पुण्याहून ते इतिहासात पीएच. डी. करायला आले होते, वीस-बावीस वर्षांपूर्वी. तो प्रबंध अजून घरच्या कपाटात होता. पूर्ण झालेला, पण तपासायचा राहिलेला. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. मला वाटे, एवढ्या मोठ्या घरात या माणसाला सोबत फक्त साहेबांची.

काकांना एक मुलगी आहे, हे मला वर्षभराने कळलं. मंडळातल्या कुलकर्णी काकूंनी भांडी विसळता विसळता सांगितलं. अंजली. शिकागोला वकील आहे. तिने कॉलेजातल्या एका मुलाशी लग्न केलं, मार्कस नावाच्या. मुलगा गुणी, डॉक्टर, पण काळा. "दातार लग्नाला गेले नाहीत," काकू म्हणाल्या. "फोनवर काय बोलले देव जाणे. चार वर्षं झाली, पोरगी या घराची पायरी चढली नाही."

माझा विश्वासच बसेना. मग संताप आला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि त्या वयात राग आवरायची मला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी काका तळघरात एक पत्र वाचून दाखवत होते. साहेबांनी मित्राला लिहिलं होतं, की माणसाची किंमत कातडीवरून करणाऱ्याबरोबर मी एका टेबलावर जेवणार नाही. ते वाक्य काकांनी दोनदा वाचलं. मी टाइपरायटरवरचा हात न काढताच विचारलं, "काका, अंजलीच्या लग्नाबद्दल साहेब काय म्हणाले असते?"

काकांनी पत्र फोल्डरमध्ये ठेवलं. पेन्सिलीचं टोक पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "साहेबांना मुलगी नव्हती." आणि कोट घालून, चार वाजायच्या आत, बर्फात बस स्टॉपकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायची म्हणून लवकर आले, तर ते माझ्या टेबलापाशी उभेच होते. हात धुऊन आले होते, बोटं अजून ओलसर होती. "काल मी चुकीची माहिती दिली," ते म्हणाले. "साहेबांना मुलगी होती. आठ वर्षांची होऊन गेली. मला ठाऊक होतं. ठाऊक असून खोटं बोललो." एवढं सांगून कामाला बसले. माझी माफी मागायची राहून गेली, ती राहिलीच.

त्यानंतर एक फरक पडला. दुपारच्या सुट्टीत काका डब्यातली पोळीभाजी खाऊन, हात धुऊन, स्वतःचं काहीतरी लिहायला बसू लागले. पिवळ्या पॅडवर. लिहायचे, खोडायचे, वहीइतका जाड फोल्डर होता त्यात ठेवायचे. मला वाटलं, प्रबंध बाहेर काढला असेल. एकदा विचारलंही, की काका, कुठवर आलं. तर म्हणाले, "होत आलंय, पण तपासायचं आहे." पुढे सबंध वर्षभर ते तसंच होत आलेलं होतं. मी पुन्हा चौकशी केली नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत काका एका सोमवारी आले नाहीत. इतक्या वर्षांत ते न सांगता कधी गैरहजर राहिले नव्हते, म्हणून आमच्या मुख्य संपादकबाई त्यांच्या घरी गेल्या. काका स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर होते. हार्ट अटॅक. टेबलावर चहाचा कप होता आणि नळ चालू होता. बहुधा हात धुता धुताच खुर्चीत बसले.

अंजली आली ती नवऱ्याला घेऊन. उंच, शांत माणूस. त्याने अख्खा दिवस खोकी उचलली. ती तळघरात काकांचं टेबल आवरायला आली तेव्हा मी एकटीच होते. तिने खण उघडले, तर तांबड्या पेन्सिलींचे तुकडे निघाले, अंगठ्याएवढे झालेलेसुद्धा जपून ठेवलेले. ती जराशी हसली. "बाबा चेक्ड माय होमवर्क विथ दीज," म्हणाली. मग तो जाड फोल्डर निघाला. वर माझ्या ओळखीच्या अक्षरात, साहेबांच्या पत्रांवर असे तसं लिहिलं होतं: दातार ते अंजली. मसुदे.

आत एकच पत्र होतं, पुन्हा पुन्हा लिहिलेलं. पहिला मसुदा सात पानांचा, इंग्रजीत, साहेबांचे दाखले देऊन. खाली टिपा होत्या. आपण लग्नाला का आलो नाही याची कारणं एक, दोन, तीन अशी घातली होती, आणि समासात काकांनी स्वतःच लिहिलं होतं, "पुरावा नाही." पुढच्या मसुद्यात कारणं कमी झाली होती. त्याच्या पुढच्यात साहेब गेले. एका मसुद्यात फोनवर बोललेलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून त्याखाली लिहिलं होतं, "मुळाबरहुकूम. लेखकाला लाज वाटते." अंजलीने ते पान पटकन उलटलं. ते वाक्य मी वाचलं, पण इथे लिहिणार नाही.

सगळ्यात शेवटचं पान मराठीत होतं. लहानपणी दर रविवारी काकांनीच तिला बाराखडी शिकवली होती, पण सवय सुटून तिला वीस वर्षं झाली होती. मी वाचून दाखवू का म्हणून विचारलं, तर तिने नकारार्थी मान हलवली. मग पहिलीतल्या मुलीसारखं एकेका अक्षराखाली बोट ठेवत ती वाचू लागली. "अं...जू. मी चु...क...लो. तु...म्ही दो...घं घरी या. बाबा." एवढंच होतं. तेवढं वाचायला तिला खूप वेळ लागला, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत असूनही मी बसून राहिले.

ती पुन्हा पुन्हा त्या पानावरून हात फिरवत होती. खाली कोपऱ्यात तिचं बोट थांबलं.

"व्हॉट्स दिस?" तिने विचारलं. "बाकी कशावरच नाहीये."

कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीचा छोटा 'दा' होता. त्याच्या बाजूला तारीख होती, ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची, रविवारची. सुट्टी असूनही ते तळघरात येऊन गेले असणार.

"म्हणजे तपासून झालं," मी म्हटलं. "आता पाठवायला हरकत नाही."