रंगनाथतात्या आणि आमच्या लेकीची शी

आमच्या लेकीला शी लागलीय हे सगळ्यांत आधी कुणाला कळायचं, तर शेजारच्या घरातल्या रंगनाथतात्यांना. आईला नाही, बापाला नाही, आजीला तर मुळीच नाही. पुंडलिकनगरातली आमची घरं एकमेकांना चिकटून, मधे एकच भिंत, तीही बांधणाऱ्यानं सिमेंट वाचवत बांधलेली. इकडं पोरगी कुंई करायचा अवकाश, पलीकडून भरदार आवाज यायचा, "मास्तर, भूक नाय ती! शीचं रडणं हाय! उगं दूध लावू नका!"

मास्तर म्हणजे मी. शाळेत मराठी शिकवतो. चाळीस पोरांच्या गोंधळात शाई कुणी सांडली हे मला बसल्या जागी कळतं, पण स्वतःच्या अडीच महिन्यांच्या सईचं एक रडणं दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नव्हतं. तात्यांना यायचं. भुकेचं, झोपेचं, पोटातल्या वाऱ्याचं, नुसतंच चिडल्याचं, आणि शीचं. शीचं रडणं म्हणे आधी कुंथल्यासारखं येतं, मग थांबतं, मग एकदम टिपेला जातं. मी कान देऊन ऐकायचो. मला सगळी रडणी सारखीच वाटायची.

एकदा जालन्याहून माझे सासरे जेवायला आले होते. पहिल्यांदाच आमच्या घरी आलेले, जरा करड्या शिस्तीचे गृहस्थ. पान वाढलं, त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि भिंत बोलली, "आली, आली! मास्तर, सुटलं बघा! पिवळं असंल, घाबरू नका!" सासऱ्यांचा हात तसाच थांबला. ताटात पिठलं होतं, एवढंच सांगतो. त्यानंतर ते आमच्याकडं फक्त चहाला येऊ लागले.

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कालवा निरीक्षक. वय विचारलं तर आकडा सांगायचे नाहीत, "पोलीस अ‍ॅक्शनला मी सात वर्साचा व्हतो" म्हणायचे. निजामावरची ती कारवाई अठ्ठेचाळीस सालची, पुढचं गणित आपण करायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक परभणीला दिलेली. घरात हे एकटे, एक रेडिओ आणि एक भलंमोठं पितळी कुलूप, जे तात्या आत असतानाही दाराला लटकलेलं असायचं. नोकरी संपली तरी कालवा काही त्यांच्या डोक्यातून आटला नव्हता. नळाला पाणी आलं की त्याला ते 'आवर्तन' म्हणायचे. गल्लीच्या शेवटच्या घराला, कालव्याच्या शेवटच्या टोकासारखं, 'टेल' म्हणायचे. टेलच्या कुलकर्णीबाईंना हे कळल्यावर त्यांनी बोलणंच सोडलं.

सईच्या शीचंही त्यांनी पाटबंधारे करून टाकलं होतं. कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकवून ते मला समजावायचे, "हे बगा मास्तर. लेकरू नवीन हाय. वरून जोर लावायचा, येवढं त्याला समजलं. पन जोर लावताना खालचं गेट ढिलं सोडायचं असतंय, ते अजून नाय समजलं. वरून पानी सोडलं, खालून गेट बंद. मंग काय व्हनार? बोंबाबोंब! त्याला आजार नाय, काय नाय. शिकाऊ उमेदवार हाय ते."

"मग आपण काय करायचं?"

"सबूर. आपन फकस्त जवळ बसायचं. गुडघे पोटाकडं घ्यायचे, हळू बोलायचं. पन गेटाला पहार लावायची नाय! एकदा पहार लावली का मानूस पहारीचीच वाट बगतंय."

पहार म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या आईकडं या सगळ्यावर एकच इलाज होता. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवायचा आणि… पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर तुमच्या आजीला विचारा. "मी चार वाढवली," आई म्हणायची, "चारी जिवंत आहेत." या मुद्द्यावर मला बोलता यायचं नाही, कारण त्या चारांत मी एक होतो.

सल्ले मात्र सगळे जण द्यायचे. माणूस आमच्या फाटकातून आत आला की पायताण काढायच्या आधी सल्ला काढायचा. कुणी म्हणे बेंबीला हिंग लावा, कुणी म्हणे ओव्याचा शेक द्या, कुणी म्हणे आईनं वांगं खाल्लं असेल. माझ्या बायकोनं, मनीषानं, एवढ्या जणांचं ऐकून एकेक पदार्थ सोडत सोडत शेवटी भात आणि तूप एवढ्यावर आणलं. तरी एक मावशी म्हणाल्या, "तूप बंद कर." मी स्वतः शहागंजाच्या बाजारातून घुटीचं सामान आणलं, गारखेड्यातल्या ग्रंथालयातून बालसंगोपनाचं पुस्तक आणलं. पुस्तकात या विषयावर एक ओळ होती. वैद्यांना विचारा.

मग डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरांनी सईचं पोट दाबून पाहिलं, वजन केलं, शी मऊ असते ना विचारलं. मऊच असायची. दहा-पंधरा मिनिटं लाल होऊन किंचाळायची आणि शेवटी बाहेर काय, तर लोण्यासारखं. डॉक्टर हसले. म्हणाले, बाळाला अजून जोर लावणं आणि सैल सोडणं एका वेळी जमत नाही, काही आठवड्यांत जमेल, अंगावर पिणाऱ्या बाळाला चार-पाच दिवस झाली नाही तरी भिऊ नका, औषध नको, देठ-बिठ तर अजिबात नको. मी मान खाली घालून ऐकत होतो. शब्द शहाणे होते, पण कालवा तोच होता.

घरी आलो तर तात्या कुंपणाशी उभेच. "काय म्हनला डॉक्टर?"

"तुमचंच म्हणाला," मी तुटकपणे म्हणालो.

मला वाटलं, आता फुशारकी मारतील. तर आत आईकडं बघत म्हणाले, "लेखी दिलं का? काकू तोंडी हुकूम मानायच्या नाईत."

त्यांची काळजी घेण्याची तऱ्हा अशी की सईची वेळ झाली की गल्लीत संचारबंदी. एकदा भंगारवाला हातगाडी घेऊन ओरडत आला. तात्यांनी रस्त्यात आडवे जाऊन त्याला थांबवलं, "भाई, जरा सबर करो! अंदर लेकरू जोर लगा रहा हय!" त्या भल्या माणसानं गाडी थांबवली. मागं भाजीवाली थांबली. तिच्या मागं स्कूटरवाले जोशी थांबले, त्यांना वाटलं कुणी गेलं, त्यांनी टोपी काढली. घरात मी आणि मनीषा पोरीचे गुडघे धरून बसलेलो आणि बाहेर पाच-सात माणसं मुकाट उभी. शेवटी भंगारवाल्यालाच राहवलं नाही. त्यानं खिडकीतून विचारलं, "क्या मास्तर, हो गया क्या?" झालं म्हटल्यावर गल्लीत सुटकेचा श्वास ऐकू आला. सांगायला लाज वाटते, पण मला त्या दिवशी निकाल लागल्यासारखा अभिमान वाटला.

एवढा जीव टाकणारा हा माणूस आमच्या घरात मात्र कधी यायचा नाही. या म्हटलं की, "बसा, बसा, हितूनच बरं हाय," म्हणायचे. मी समजलो, सोवळ्याओवळ्याचं काही मनात असेल, आमच्या आईचा धाक असेल. धाक मलाही होता.

मग तो रविवार आला. सईला शी होऊन चार दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले होते तेच चार दिवस, पण ऐकताना चार दिवस वेगळे असतात आणि मोजताना वेगळे. मनीषा दोन घास खाऊन उठायची. सकाळी आई मला म्हणाली, "जा, शहागंजातून पानं घेऊन ये. कोवळी बघून आण."

मनीषानं माझ्याकडं पाहिलं. "डॉक्टर नको म्हणाले आहेत ना?"

मी काय केलं असेल? मी आईला म्हणालो, "बघू." मनीषाला म्हणालो, "नुसती आणून ठेवतो." आणि पिशवी घेऊन निघालो. चाळीस पोरांना दम देणारा मास्तर शहागंजात पानं चाचपत उभा राहिला. कोवळी बघून आणली, हेही सांगून टाकतो.

घरात पाय ठेवला तर सई सुरू झालेली. तेच कुंथणं, मग थांबणं, मग टिपेला. आईनं देठ मोडला, एरंडेलाची वाटी ओढली. मनीषा पोरीला छातीशी धरून मागं सरकत म्हणाली, "आई, नको. अहो, तुम्ही बोला ना काहीतरी!" मी घड्याळाकडं बघितलं. घड्याळात काही नव्हतं. आईनं लेक तिच्या हातातून घेतलीच.

तेवढ्यात दारात तात्या. चपला बाहेर काढून, धापा टाकत, पहिल्यांदाच आमच्या घरात.

"काकू, हात जोडतो. नका करू. झालंच हाय तिचं, आता थांबंल बगा ती दम घ्यायला. ऐका, ऐका. दोन मिन्टांत व्हतंय."

आईचा पारा चढला. "दोन महिने भिंतीआडून शहाणपण ऐकतेय! एवढं कळतंय ना तुम्हाला? मग घ्या, तुम्हीच घ्या!" आणि तिनं किंचाळणारी सई सरळ त्यांच्या पुढ्यात धरली.

तात्या मागं सरले. भिंतीला टेकले. हात वर आले, निम्म्यात थांबले, परत खाली गेले.

"मला…" ते म्हणाले, "मला लेकरू धरता येत नाय, काकू."

आईला वाटलं थट्टा करताहेत. "स्वतःची लेक वाढवलीत ना?"

"वाढवली कुटं? आमच्या घरी थोरल्या मान्सांम्होरं बापानं लेकरू उचलायचं नाय, असा रिवाज. बेशरम म्हनायचे. आमचे वडील दिवसभर वसरीत. मी दाराभाईर. आत आमची शकू अशीच रडायची, ह्याच वक्ताला. मला आत जाता येईना, तिथून उठताबी येईना. नुसतं ऐकत बसायचो. ऐकून ऐकून समजाया लागलं, आता भूक, आता झोप, आता हे. येवढंच जमलं."

"मग वडील गेल्यावर?" मनीषानं विचारलं.

"वडलानं लई वर्सं काढली. तवर शकूचं लगीन झालं व्हतं, पोरी."

"आणि तिची मुलं?"

"सासरी बाळातपन झालं. मी गेलतो बगायला. दहा जनांत म्हनायचं कसं, की माझ्याकडं द्या? लाज वाटली. र्‍हाऊन गेलं ते."

सईचा दम संपून ती जराशी गप्प झाली होती, म्हणून हे सगळं ऐकू आलं. आईच्या हातात देठ तसाच होता. तिनं तो वाटीत टाकला. माझी आई कुणापुढं नमते हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती नमली असं म्हणता येणार नाही, कारण तिनं हुकूमच सोडला.

"खाली बसा. भिंतीला टेका. पाय लांब करा. गुडघे जरा वर. असे नाही, जुळवा ते."

साठीचा माणूस पाढे म्हणायला उभं केल्यासारखा निमूट बसला. आईनं सई त्यांच्या मांड्यांवर उताणी ठेवली, त्यांचे दोन्ही तळवे धरून पोरीच्या पोटऱ्यांखाली नेले. "आता तिचे गुडघे पोटाकडं. हळू. मोडत नाही ती."

सईनं तोंड लाल केलं, कुंथली, टिपेला गेली. तात्यांनी तिचे गुडघे हळूच पोटाकडं घेतले. त्यांचा आवाज भिंतीपलीकडून यायचा तो नव्हता, अगदी बारीक होता. "व्हय गं माय. व्हय. लई तकलीफ हाय. माझी बाय ती. मी हाय हितं." ओठ तिच्या कपाळाशी नेऊन ते एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आणि झालं. चार दिवसांचं एकदम. लंगोट ओलांडून त्यांच्या पांढऱ्या स्वच्छ धोतरावर. मनीषा हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मी उगाच टाळी वाजवली. सईनं एक मोठा सुस्कारा टाकला, तात्यांचं एक बोट मुठीत धरलं आणि डोळे मिटले.

आई ओला कपडा घेऊन आली. "द्या आता इकडं, धुऊन घेते. तुमचं धोतर पार गेलं हो."

तात्यांनी वर पाहिलं नाही.

"जाऊ द्या वो काकू धोतर," ते म्हणाले. "जरा वेळ र्‍हाऊ द्या हिला. मागू नका इतक्यात."

आईनं कपडा त्यांच्या बाजूला ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. चहा झाला, निवला, कुणीच लेकरू मागितलं नाही.