सोवळ्याच्या दोऱ्या आणि गोजाबाईची भट्टी यांची हकीकत

श्री अग्निनारायणाची कृपा या राज्यावर अखंड असो, आणि ती दुरूनच असो. शके सोळाशें एकुणऐंशी, ईश्वरनाम संवत्सर, चैत्र मास, ते समयीं आमच्या राज्यांत एक विद्येचें क्षेत्र होतें, तेथें घरोघर पाठशाळा आणि दारोदार शास्त्री, आणि मध्यें ग्रंथशाळा, तींत चाळीस हजार पोथ्या, आणि या सर्वांवर गवताचीं छपरें. मागील उन्हाळ्यांत दोन आळ्या जळाल्या होत्या, मग खाशा महाराजांची मर्जी चिंतातुर जाहली आणि त्यांनीं आज्ञा केली कीं, इतके विद्वान पोसले आहेत तर त्यांनींच बसून आग न लागे ऐसे नियम करावे. मग अकरा शास्त्र्यांची सभा बसली, मुख्य धुंडिराजशास्त्री मीमांसक, ज्यांनीं तीस वर्षें खपून एक भाष्य लिहिलें होतें, त्याची एकच प्रत होती आणि ती ग्रंथशाळेंत होती, आणि ज्यांस वादांत हरलेलें कोणी पाहिलें नव्हतें. लिहिणार आम्ही, म्हणून पुढील मजकूर ऐकीव नव्हे.

सभा एकवीस दिवस चालली. आळीगणिक एक शिडी ठेवावी हें पहिल्या दिवशीं ठरलें, आणि ती चढण्यास ठेवावी कीं उतरण्यास याजवर चार दिवस गेले, मग दोन्हींस ठेवावी ऐसा कौल पडला आणि सर्वांनीं एकमेकांचें अभिनंदन केलें. मग दारोदार पाण्याचा रांजण ठेवावा ऐसें ठरलें, मग त्या पाण्यास कोणी विटाळ करील ऐसी शंका निघाली, मग रांजणांस झांकणें आणि झांकणांस कुलुपें घातलीं, आणि किल्ल्यांचा जुडगा धुंडिराजशास्त्र्यांच्या कमरेस गेला. मग आग मुळांत कोठून येते याचा विचार जाहला, आणि सर्वांस एकदम गोजाबाई भडभुंजी आठवली.

ही गोजाबाई विधवा, ग्रंथशाळेच्या मागें तिची भट्टी, सासऱ्याच्या हातची, चाळीस वर्षांची, तापल्या वाळूंत हरभरे फोडावे आणि विद्यार्थ्यांस द्यावे हेंच तिचें पोट. क्षेत्रांतले निम्मे न्याय आणि व्याकरण तिच्या फुटाण्यांवर पाठ जाहलें आहे. तिला सभेंत बोलाविलें आणि भट्टी मोडण्याचें कलम वाचून दाखविलें. ती उभी राहून ऐकत होती, मग तिनें वर बोट केलें. या क्षेत्रांत स्नानानंतर नेसावयाचीं सोवळ्याचीं धोतरें उंच दोऱ्यांवर वाळत घालितात, वाळतां कोणी शिवलें तर पुन्हा धुवावीं लागतात, म्हणून या छपरापासून त्या छपरापर्यंत दोऱ्याच दोऱ्या, आणि आभाळ दिसावयाचें तें धोतरांच्या फटींतून.

ती म्हणाली, "माजी भट्टी भुईवर हाय, शास्त्रीबुवा. ती काय उठून चालत न्हाई. आगीला चालाया वाट तुमी वर बांधलीया. आदी त्या दोऱ्या उतरा."

सभेंत हंशा पिकला. एक शास्त्री म्हणाले कीं, सोवळें जळतें ऐसें कोठेंच लिहिलेलें नाहीं, आणि धुंडिराजशास्त्री म्हणाले कीं, जें लिहिलेलें नाहीं त्याचा विचार करण्यास सभा बसलेली नाहीं. मग दुसऱ्या दिवशीं चार माणसांनीं पहारींनीं भट्टी मोडली, आणि गोजाबाई पदर तोंडांत घालून उभी राहिली, मग वाळूची एक पाटी डोईवर घेऊन वेशीबाहेर चिंचेखालीं जाऊन बसली. विद्यार्थ्यांस वेशीबाहेर जाण्याची मनाई, म्हणून गिऱ्हाईक नाहीं. तें कलम आमच्याच हातचें आहे. अक्षर सुरेख आलें आहे आणि आम्हांस त्याची आजही लाज वाटते.

पुढें महिनाभर आग लागली नाहीं, तेव्हां नियमांचें यश म्हणून वैशाख वद्य पंचमीस भर दुपारीं अग्निशांतीचा होम मांडिला. धुंडिराजशास्त्री यजमान, पूर्णाहुतीपर्यंत मौन धरून बसले. तूप बहुत आणि वारा त्याहून बहुत. मग एक ठिणगी उडाली आणि वर कोणाच्या धोतरावर बसली, आणि तें पेटलें, मग त्याच्या शेजारचें, मग त्याच्या शेजारचें, आणि आग दोरीवरून ऐसी चालली जैसी जांवई सासुरवाडीस चालतो, कोणी अडविणार नाहीं या खात्रीनें. खालीं तीनशें विद्वान आणि एकही हात वर होईना, कारण पेटलेलें धोतर सोडून द्यावें, पण न पेटलेलें शिवावें कैसें? शिड्या आणल्या, त्या भिंतीस लावून तैशाच उभ्या राहिल्या. लोक किल्ल्या मागण्यास होमापाशीं धांवले, तों शास्त्रीबोवांनीं हातानेंच थांबा म्हणून खुणाविलें. तोंवर तीन छपरें गेलीं.

गोजाबाई चिंचेखालीं सरपण तोडीत होती. धूर पाहतांच कोयता हातीं आणि वाळूची पाटी डोईवर घेऊन वेशींतून आंत आली, आणि पाटी खालीं ठेवून पहिली शिडी दिसली तिजवर चढली, आणि दोऱ्या कापूं लागली. खालून आरडा जाहला कीं शिवूं नको, शिवूं नको.

"शिवत न्हाई, कापतीया," ती म्हणाली, आणि पुढच्या शिडीकडे गेली.

धोतरें रस्त्यांत पडलीं, त्यांजवर ती पाटींतली वाळू टाकी, आणि तिचें पाहून आम्हीही माती टाकूं लागलों. मग एकच दोरी राहिली, ती ग्रंथशाळेच्या छपरास बांधलेली, आणि तिजवर धुंडिराजशास्त्र्यांचीं स्वतःचीं धोतरें, आणि आग त्यांपासून दोन धोतरांवर आलेली. दोरीखालीं दहा विद्यार्थी आडवे उभे राहिले, गुरूचें सोवळें म्हणून शिडी लावूं देईनात. तेव्हां धुंडिराजशास्त्री होमावरून उठले. पूर्णाहुति जाहली नव्हती.

"बाजूस व्हा रे," ते म्हणाले. "काप, बाई. माझें सगळें आयुष्य त्या छपराखालीं आहे."

तिनें कापली. ग्रंथशाळा वांचली.

मग सायंकाळीं कळों आलें कीं क्षेत्रांत सोवळ्याचें एकही धोतर उरलें नाहीं, आणि सोवळ्यावांचून स्वयंपाक नाहीं, आणि तीनशें विद्वान उपाशी. भाजल्या हरभऱ्यास विटाळ नाहीं हा निर्णय सभेनें उभ्याउभ्या आणि एकमतानें दिला, ऐसें तिच्या इतिहासांत पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. मग अकराजण ओल्या पंच्यांनिशीं वेशीबाहेर चिंचेपाशीं गेले आणि गोजाबाईस म्हणाले कीं, सभेनें कलम रद्द केलें आहे, तरी आपण आंत यावें. तिला आपण म्हटलेलें आम्हीं प्रथमच ऐकिलें.

तिनें पसा पसा फुटाणे प्रत्येकास दिले, मग म्हणाली, "भट्टी मोडली तुमी. आता घाला तुमीच. माजा सासरा वर गेला, मी कुनाला सांगू?"

मग दुसऱ्या दिवशीं जुन्याच जागीं अकरा शास्त्री गुडघाभर चिखल तुडवीत होते, आणि भुसा किती घालावा याजवर वाद निघाला तेव्हां गोजाबाईनें नुसतें पाहिलें आणि वाद मिटला. खाशा महाराजांची स्वारी मुद्दाम पाहण्यास आली, आणि हत्तीवरूनच बहुत हंसली.

एकंदर ऐसें जाहलें. तीन छपरें गेलीं, माणूस एकही गेलें नाहीं, पोथ्या राहिल्या, दोऱ्या उतरल्या, रांजणांचीं कुलुपें निघालीं. भट्टी झाली ती वांकडी झाली आणि तशीच पेटते. धुंडिराजशास्त्री रोज तिसऱ्या प्रहरीं तेथें जातात, फुटाणे घेतात, आणि गोजाबाई आणखी कांहीं सांगते काय, म्हणून थोडा वेळ उभे राहतात.