मानाचा थेंब

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. राजा होता, प्रधान होता, पंच होते, पंचांची भांडणं होती. नव्हता तो फक्त डॉक्टर.

मग शलाका आली. शलाका म्हणजे सायाळ. सात डोंगरांपलीकडे शिकून ती आपल्या जंगलाची सेवा करायला परत आली होती. झऱ्याकाठी तिने दवाखाना मांडला. जंगल हरखून गेलं. "बघा तरी, डॉक्टरीणबाईंच्या अंगावरच केवढ्या सुया!"

पण शलाका सुई टोचेचना. कोणी खोकत आलं की म्हणायची, "गरम पाणी प्या." कोणी शिंकत आलं की म्हणायची, "झोपा."

"एवढ्या सुया घेऊन फिरते आणि एक टोचवत नाही," माकडीण म्हणाली. "चिक्कू मेली!"

एके दिवशी भुरूला त्याच्या आईने ढकलत ढकलत आणलं. भुरू म्हणजे गव्याचं वासरू. खुरात काटा मोडला होता, पाय पिकला होता आणि विष रक्तात उतरलं होतं. अंग तापलेल्या दगडासारखं. आईलाही तो ओळखेना.

शलाकाने झऱ्याच्या थंड कपारीतून लाल टोपणाची बाटली काढली. येताना गुरूंनी दिलेली, एकुलती एक.

"टोचा की हो लवकर!" भुरूची आई म्हणाली.

"आधी सांगा. कुठल्या औषधाने याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या का? धाप लागली होती? लघवी नीट होते?"

"पोर मरायला टेकलंय आणि तुम्ही लघवी कसली विचारता!"

"औषध जालीम आहे, बाई. न विचारता दिलं तर रोगाच्या आधी रोगीच जायचा."

मग तिने भुरूच्या वजनाच्या हिशेबाने औषध घेतलं, शिरेतून हळूहळू सोडलं आणि त्याच्या छातीकडे बघत शेजारी बसून राहिली. असं रोज. काही दिवसांनी भुरू उठला आणि आईला ढुशी मारून दूध मागू लागला.

"झाला बरा!" जंगल म्हणालं.

"अजून नाही," शलाका म्हणाली. "अर्धे जंतू मेलेत, अर्धे दबा धरून बसलेत. आत्ता थांबलो तर ते शहाणे होऊन उठतील. मग या औषधालाही जुमानणार नाहीत, आणि भुरू हातचा जाईल. बाटली संपेपर्यंत द्यायचं."

तेवढ्यात तरसराव प्रधान शिंकत आले.

"आम्हाला लाल टोपणातलं द्या."

"सर्दीवर ते चालत नाही, प्रधानजी. वाफ घ्या."

"गव्याच्या पोराला लाल टोपण, आणि प्रधानाला वाफ?"

आता प्रश्न सर्दीचा राहिला नाही, मुलांनो. मानाचा झाला.

सभा भरली. वाघमहाराजांनी विचारलं, "न्याय म्हणजे काय?"

"समान वाटप!" सभा ओरडली. त्यातले निम्मे शिंकलेही.

"मग ठरलं," महाराज म्हणाले. "पोर तर उड्या मारतंय. उरलेलं औषध उद्या सगळ्यांना वाटा. तळव्यावर एकेक थेंब, तीर्थासारखा."

"महाराज," शलाका कळवळून म्हणाली, "हे तोंडाने घेतलं तर रक्तात पोचतच नाही! आणि थेंबाने जंतू मरत नाहीत. त्यांची औषधाशी नुसती ओळख होते."

"ओळख वाढलेली चांगली," महाराज म्हणाले.

भुरूच्या आईने शलाकाकडे पाहिलं.

शलाका कपारीशी येऊन बसली. रोग्याशी कधी खोटं बोलायचं नाही, असं गुरूंनी शिकवलं होतं. सभेबद्दल मात्र गुरू काहीच बोलले नव्हते.

तिने बाटलीचं लाल टोपण उचकटलं. खालचं रबरी बूच तसंच राहिलं, औषध आत सुखरूप. टोपण तिने दुसऱ्या एका बाटलीला बसवलं. त्या बाटलीत झऱ्याचं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी मोठी रांग लागली. महाराजांनी पहिला थेंब चाटला. प्रधानांनी मानाचे दोन घेतले. हरणाने आधी डोळ्यांना लावला, मग चाटला.

"बाई गं, काय कडू!" माकडीण म्हणाली.

"जालीम असणारच," प्रधान म्हणाले. सशाला तर थेंब चाटताच घेरी आली. त्याला सावलीत निजवावं लागलं.

इकडे झुडपाआड भुरूचं खरं औषध रोज चालू होतं. आई पाठ करून उभी राहायची, म्हणजे कोणाला काही दिसू नये. शेवटी बाटली संपली. पाय सुकला. ताप पुन्हा फिरकला नाही.

आणि सर्दीचं म्हणाल, तर जायची वेळ झाली तशी ती गेली.

जंगलाने शलाकाचा सत्कार ठेवला. तरसराव भाषणाला उभे राहिले. "औषध कसं वापरावं, हे बाईंना आपण शिकवलं! एका थेंबात सर्दी पळाली. आणि तो भुरू बघा. त्याचं उरलेलं औषध आपण वाटून संपवलं, तरी ठणठणीत! म्हणजे त्याला त्याची गरज होती कुठे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

शलाका उठली. खरं काय ते सांगून टाकायला तिने तोंड उघडलं. समोर भुरू चारी पायांवर उधळत होता. मागे त्याची आई उभी होती. ती हळूच "नको" अशी मान हलवत होती.

शलाकाने तोंड मिटलं आणि शाल घेतली. शाल तिच्या काट्यांत अडकली. ती अजून निघालेली नाही.

तात्पर्य: जालीम औषध, गरज असो वा नसो, सगळ्यांना सारखं वाटावं. मात्र दवाखाना झऱ्याकाठीच काढावा.