फ्लेमिंगचा डावा हात

दहावीच्या विज्ञानाच्या पेपरला शिवशंकर सरांनी परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभं राहून आपला डावा हात वर केला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांशी काटकोनात. आत निघालेल्या त्यांच्या वर्गातल्या सगळ्या पोरापोरींनी मागे वळून तस्साच डावा हात वर केला. फाटकावरच्या हवालदाराला हे काही बरं वाटलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत त्याने असे हात पाहिले होते, आणि पुढे काय होतं तेही पाहिलं होतं.

वास्तविक सरांनी फक्त उजळणी करून घेतली होती. वाळूजच्या त्या शाळेत सर विज्ञान शिकवत आणि त्यातही फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम हा त्यांचा जीव की प्राण. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधलं बोट विजेच्या प्रवाहाचं, मग तारेला धक्का कुठे बसणार ते अंगठा सांगतो. या एका नियमात सर आयुष्यात कधी चुकले नव्हते आणि हे ते न विचारता कुणालाही सांगत. शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षकाने एकदा फळ्यासमोर चुकून उजवा हात धरला, तर सरांनी त्या बिचाऱ्याला पुढच्या प्रत्येक प्रशिक्षणात ‘उजवे गुरुजी’ म्हणून हाक मारली. असा हा माणूस.

विषयशिक्षकाने त्या दिवशी केंद्रात पाय ठेवायचा नाही असा नियम असल्याने सर समोरच्या टपरीवर चहा पीत बसले. आत कार्यालयात भरारी पथक येऊन थडकलं होतं. पथकाचे प्रमुख वाघचौरे साहेब कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले. पहिला तासभर काहीच घडलं नाही आणि साहेब कंटाळले. मग मुलं विद्युतधारेच्या प्रश्नापाशी पोचली.

प्रश्न साधा होता. इलेक्ट्रॉनचा झोत तुमच्याकडे येतो आहे, चुंबकीय क्षेत्र डावीकडून उजवीकडे आहे, तर झोत कुठे वळेल? पडद्यावर एक डावा हात वर आला. मग दुसरा. मग रांगच्या रांग. सगळ्यांचे अंगठे वर. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात सगळ्या हातांनी मनगटातून गिरकी घेतली आणि सगळे अंगठे खाली झाले. लगेच सगळ्यांनी माना खाली घालून उत्तर लिहिलं.

“आरं तिच्या!” साहेब म्हणाले. “आधी एक उत्तर दिलं, मग रद्द करून दुसरं दिलं. लईच पोचलेली टोळी हाय ही.”

हवालदाराने लगेच सकाळची हकिगत सांगितली. साहेब हॉलमध्ये जाऊन बाकाबाकांवरून फिरले. सगळ्यांचं उत्तर एकच: खाली. पेपर संपला, गठ्ठे सील झाले, तसे साहेबांनी शिपाई पुंजारामला टपरीवर पिटाळलं. अर्धा चहा तसाच सोडून सर कार्यालयात हजर झाले.

“या गुरुजी. तुमच्या टोळीची बोटांची भाषा समजून घ्यायचीय,” साहेब म्हणाले.

“टोळी नाय साहेब, वर्ग. आन् ती भाषा फ्लेमिंगची हाय.”

“हा फ्लेमिंग कोण? कुठल्या क्लासचा?”

“लंडनचा प्राध्यापक व्हता. त्याच्याबी पोरांचा दिशेत गोंधळ व्हायचा. म्हणून त्यानं सांगितलं, हात तर कुणी घरी विसरून येत नाय, हातावरच ध्यानात ठेवा.”

“बरं. मग आधी अंगठा वर आन् मग खाली, ते कशापायी?”

सरांना हुरूप आला. इतकं नेमकं शिकवल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर लपेना. “त्याचं असं हाय साहेब, विजेची दिशा आधी ठरली. प्लसकडून मायनसकडं. आन् इलेक्ट्रॉन सापडला लई वर्षांनी. बघतात तर तो उलटाच पळतोय, मायनसकडून प्लसकडं. म्हणून इलेक्ट्रॉन म्हटलं की आपण मधलं बोट उलटं फिरवायचं.”

“मग दिशाच बदलायची की!”

“तवर पुस्तकं छापून झाली व्हती.”

साहेबांनी मान डोलावली. सगळ्या खुलाशात एवढी एक गोष्ट त्यांना पूर्ण पटली. त्यांची सगळी नोकरी अशाच कारणांवर चालली होती.

“हे बघा गुरुजी,” साहेब पुढे झुकले. “मी इतिहास शिकवायचो सिल्लोडला. मला यातलं काय कळत नाय. पण मला माणसं कळतात. हा प्रश्न घ्या आन् माझ्यासमोर सोडवा. तुमचं उत्तर पोरांच्या उत्तराशी जुळलं, तर ते तुम्हीच पुरवलं. सगळ्यांवर कॉपीची केस. सरळ हिशोब हाय.”

“पण साहेब, बरोबर उत्तर एकच असतंय! ते जुळणारच!”

“चोरीचा माल बी एकसारखाच असतोय.”

सरांनी प्रश्नपत्रिका हातात घेतली. प्रश्न वाचता वाचताच त्यांना उत्तर दिसलं. खाली. पोरांनीही तेच लिहिलं असणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, कारण शिकवलं त्यांनी होतं. म्हणजे बरोबर उत्तर दिलं की अख्ख्या वर्गाचं वर्ष गेलं. खिडकीतून फाटकाबाहेर थांबलेली पोरं दिसत होती. काही जणी रडवेल्या झाल्या होत्या. मग सरांना त्या उजव्या गुरुजींची आठवण झाली आणि पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल माया वाटली.

सरांनी सावकाश आपला उजवा हात वर केला. तर्जनी उजवीकडे. मधलं बोट समोर. अंगठा वर.

“वर,” सर म्हणाले.

“काय?”

“झोत वर वळंल.”

“पक्कं?”

“पक्कं,” सर म्हणाले.

साहेबांनी कारकुनाला अहवाल सांगायला घेतला. “लिहा. संबंधित शिक्षकास सदर प्रश्नाचे उत्तर येत नाही. सबब त्यांनी ते विद्यार्थ्यांस पुरविल्याचा संभव नाही. तक्रार निकाली.” सही घेताना त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. “पोरं हुशार हायत तुमची. त्यांच्याकडून शिकत जा जरा.”

“व्हय साहेब.”

सर बाहेर येईपर्यंत पुंजारामने फाटकावर सगळी बातमी पोचवली होती. पोरांना आपण सुटल्याचा आनंद होता, पण सरांकडे बघायला कुणी धजेना. शेवटी सुकेशनी पुढे झाली. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी.

“सर, राग मानू नका. तुम्ही खरंच वर म्हणून सांगितलं?”

“व्हय.”

“कोणता हात धरला व्हता?”

सरांनी उजवा हात दाखवला. पोरांत हळहळ पसरली.

“तिथंच चुकलं सर,” सुकेशनी हळूच म्हणाली. “उजवा जनरेटरला असतोय. इथं डावा लागतोय. आणा इकडं.” तिने सरांचा डावा हात धरला, तर्जनी सरळ केली, मधलं बोट काटकोनात वळवलं, मग मनगट फिरवून अंगठा खाली आणला. इलेक्ट्रॉन उलटा का धरायचा तेही सांगितलं, आधी दिशा ठरली आणि मग इलेक्ट्रॉन सापडला इथपासून, एक शब्द न गाळता.

“आता कळलं का सर?”

सरांनी डावा हात तसाच तिच्यापुढे धरून ठेवला.

“नाय कळलं,” ते म्हणाले. “परत एकदा सांग.”