बाथरूमच्या दारावरचं विमान

चष्मेवाल्यांनी बाथरूमचं दार बिजागऱ्यांतून काढून जेवणाच्या टेबलावर आडवं टाकलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "अहो, आंघोळ काय गच्चीत करायची?"

"पडदा लावतो ना. घरात याच्याइतकं सपाट दुसरं काही नाही."

बाल्साच्या हलक्या लाकडाचं खेळण्यातलं विमान बांधायचं, तर खाली जराही उंचसखल चालत नाही. पंख जन्मजात वाकडा निघतो. चष्म्याच्या दुकानातून घरी आलं की हे गृहस्थ असल्या विमानांच्या सुट्या भागांचे जुने खोके जमवायचे, पुसायचे आणि परत कपाटावर ठेवायचे. फोडला मात्र आजवर एकही नव्हता. त्यातला सगळ्यांत जुना खोका त्यांनी आणि थोरल्या भावाने, दादाने, लहानपणी मिळून आणला होता. विमान कुणी बांधायचं यावरून तेव्हा जे वाजलं, ते मिटलंच नाही. घराच्या वाटण्या झाल्या त्या दिवशी दादा म्हणाला होता, "ठेव तुझ्याकडे. तुझ्या हातून व्हायचं नाही ते." त्यानंतर त्याने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आणि आता स्वतःहून फोन केला होता, रविवारी येतो म्हणून. निदान एक पंख त्याच्यापुढे ठेवायचाच, असं चष्मेवाल्यांनी मनाशी ठरवलं होतं.

खोका उघडला. आतला नकाशा पिवळा पडलेला, पण एक सुरकुती नाही. त्याला टाचण्या टोचायच्या? छे! मग त्यांनी खाली कार्बन पेपर घालून नकाशा थेट दारावरच उतरवला, पट्ट्या टाचण्यांनी बसवल्या, फासळ्या उभ्या केल्या आणि सांध्यांना डिंक लावला.

शनिवारी सकाळी टाचण्या काढल्या. पंख देखणा झाला होता. फक्त दारावरून उठेना.

"खाली मेणकागद घालतात," बायको म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत."

नकाशा वाचवायच्या नादात मेणकागद साफ राहिला होता. पातं सरकवून पाहिलं, तर पट्टी कुरकुरली. तेवढ्यात फोन वाजला. "अरे, आजच्याच गाडीत जागा मिळाली," दादा म्हणाला. "कोपऱ्यावर आलोय. आल्याआल्या आंघोळ करणार."

म्हणजे दार लावणं आलं. पंख बाहेरच्या बाजूला ठेवला, तर घरात शिरतानाच दिसणार.

"आतल्या बाजूला ठेवू," चष्मेवाले घाम पुसत म्हणाले. "आंघोळीला दादा चष्मा काढतो. त्याचा नंबर मला लहानपणापासून पाठ आहे. त्याला बादलीसुद्धा चाचपडत शोधावी लागते."

शेवटचा स्क्रू बसला आणि बेल वाजली. दादा आला, जेमतेम दोन शब्द बोलला आणि चष्मा टेबलावर ठेवून आत गेला.

"अरे, टॉवेलचा हुक कुठाय?" आतून आवाज आला.

"दारावर नाहीये, दादा. दाराला हात लावू नकोस. नळावर टाक टॉवेल."

मग गरम पाण्याचा नळ सुरू झाला, तो काही केल्या थांबेना. चष्मेवाले दाराशी घुटमळत राहिले. आता पंख भिजणार, मोडणार आणि दादाचं म्हणणं खरं ठरणार.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. वाफेचा लोट बाहेर आला आणि मागोमाग दादा. अंगावर प्रवासातलेच कपडे, केस कोरडे आणि दोन्ही तळहातांवर अख्खा पंख.

"हुक शोधताना फासळ्या हाताला लागल्या," तो म्हणाला. "त्या ओळखायला मला चष्मा लागत नाही. वाफेने डिंक सैल पडतो, म्हणून नळ सोडला. सांधे जरा हलतायत, वाळले की बसतील."

"वाकडा नाही ना झाला?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

दादाने चष्मा चढवला आणि एक डोळा मिटून पंखाची कड न्याहाळली. "सरळ आहे. एक फासळी उलटी बसवलीयस, पण काम छान झालंय. मी तेव्हा बोललो ते चुकलंच माझं." मग पंख टेबलावर ठेवून म्हणाला, "उजवा पंख मी करतो."

"पण तुझी उद्याची परतीची गाडी?"

"ती जाईल की तिच्या वेळेला." दादा घरभर नजर फिरवत होता. "सपाट काय आहे आणखी?"

बायको स्क्रूड्रायव्हर आणि मेणकागद, दोन्ही घेऊन उभी होती.

"पाहुण्यांच्या खोलीचं दार काढा," ती म्हणाली. "तिथे दादांनाच झोपायचंय."