मऊचा नववा दिवस

आढाव अण्णा एसटीत कधीही दांडा धरत नसत. राहात्याहून कोपरगावपर्यंत उभे जायचे आणि ब्रेक लागला की कुणाच्या तरी मांडीत पडायचे. उठताना त्यालाच सुनवायचे, “धरलं की अडलं.” साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून जन्म काढलेला हा माणूस. डॉक्टरांनी काठी दिली, ती त्यांनी टोमॅटोच्या रोपाला लावली. बायको वारल्यावर घरातल्या कपांचे कानसुद्धा त्यांनी पकडीनं मोडले. चहा गरम असला की बोटं भाजायची, पण तोंडातून हूं की चूं नाही.

अशा माणसाकडे मी माझी चार वर्षांची जुई ठेवायचे. आमची भिंतीला भिंत, आणि दुपारी शाळेवरून मला यायला तीन वाजायचे. अण्णा तिला जेवू घालत, पाढे म्हणून झोपवत. त्यांना खुपायची एकच गोष्ट, मऊ.

मऊ म्हणजे माझ्या जुन्या सुती साडीचा फाटका तुकडा. जुई तो नाकाशी धरून झोपायची आणि धुवायला घेतला तर दोरीखाली उभी राहायची.

एका मंगळवारी मी आले तर जुई रडून रडून निळी पडलेली. मऊ अण्णांनी घंटागाडीत टाकला होता. अण्णा शांतपणे म्हणाले की सवय अशीच मोडते, दोन दिवस रडेल. मी त्यांना गल्लीत उभं करून जे बोलले, ते बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. शेवटी मीच म्हणाले, “म्हणूनच तुमच्याकडे कुणी येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून मी रजा टाकून घरी राहिले. पोर झोपेतही मुठी उघडझाप करायची. घंटागाडीवाल्यानं मला सांगितलं की म्हातारा रोज कचरा डेपोवर येतो आणि वाकून ढीग उपसतो. पाचव्या दिवशी अण्णा दारात आले. हातात तीन चिंध्या होत्या, धुऊन इस्त्री केलेल्या. जुईनं एकेक हुंगली आणि परत दिली. अण्णांनी त्या घडी घालून खिशात ठेवल्या.

नवव्या दिवशी ते पुन्हा आले. जुई अंगणात खडे मांडत होती.

“मऊची आठवण येती का गं?”

“ते गेलं,” जुई म्हणाली. वरही पाहिलं नाही.

मला वाटलं, आता जिंकल्यासारखे बघतील. पण ते पायरीवर बसले. मग खाली बघत सांगू लागले. त्यांच्या लेकीची, संगीताची, एक कापडी बाहुली होती. पोरगी घट्ट व्हावी म्हणून त्यांनी ती पाटाच्या पाण्यात सोडली. संगीता आता पुण्यात असते. आई होती तोवर आईला फोन करायची. आता करत नाही.

“तुमची नवव्या दिवशी गप झाली,” अण्णा म्हणाले. “माझी कितव्या दिवशी झाली, ते मला ठावं न्हाई. मी ड्युटीवर हुतो.”

मी त्यांना चहा विचारला नाही.